यंत्रे माडाला लागतात का?

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात राहते आणि मच्छीमार सहकारी सोसायटीच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. गेल्या वर्षभरात मी एक दीर्घ विज्ञानकथा लिहिली. तीत एका दूरच्या ग्रहावर यंत्रांचीच जीवसृष्टी आहे. ती कोणी बनवलेली नाही, समुद्राच्या काठी आपोआप उत्पन्न झालेली आहे. कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली, तेव्हा संपादकांनी ‘या यंत्रांचा निर्माता कोण, हे शेवटी तरी स्पष्ट करावे’ असा शेरा मारून ती परत केली. माझा थोरला भाऊ बोटींची इंजिने दुरुस्त करतो. त्याला पहिली चार पाने वाचून दाखवली, तर तो “इंजिना काय माडार लागतत?” एवढेच म्हणून उठून गेला. तेव्हापासून मी त्याच्यासमोर हा विषय काढलेला नाही. शेवटच्या पानावर एखादी लुप्त झालेली प्रगत जमात घालून मोकळी होऊ का? की ही कल्पनाच मुळात अशास्त्रीय आहे? कथेची प्रत सोबत जोडली आहे.

– एक वाचक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमची कथा मी दोन वेळा वाचली, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देते: शेवटच्या पानावर लुप्त जमात आणू नका. तशी जमात आणल्याने संपादकांचा शेरा निकालात निघेल हे खरे, परंतु ज्या कल्पनेसाठी तुम्ही वर्षभर बसलात तीही त्याच्याबरोबर निकालात निघेल. शिवाय त्या जमातीला कोणी घडवले, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तिच्या बाबतीत ‘ती उत्क्रांत झाली असेल’ असे वाचक निमूटपणे मान्य करणार असेल, तर तीच सवलत यंत्रांना नाकारण्याचे काही कारण मला दिसत नाही.

असे असले तरी संपादकांचा शेरा अगदीच अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. तुमच्या चौथ्या पानावर भरतीची लाट ओसरते आणि ओल्या वाळूत दात्यांचे चाक, त्यात बसलेला दांडा आणि दांड्याला जोडलेला पाय, असा सगळा संच तयार होऊन पडलेला दिसतो. पूर्ण झालेली वस्तू एकदम समोर आली की माणसाचे मन तिचा कारागीर शोधू लागते, आणि तसे ते शोधणारच. तीच वस्तू होत जाताना दिसली, तर कारागिराची आठवण येत नाही. संपादकांना निर्माता हवा होता असे नाही. त्यांना ‘हे झाले कसे’ हे हवे होते, आणि ते कथेत नसल्यामुळे त्यांनी सवयीने ‘केले कोणी’ असे विचारले. तेव्हा तुमच्या कथेत भर पडायची ती शेवटी नव्हे, सुरुवातीला.

तुमच्या भावाचा प्रश्न त्यांना वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. विल्यम पेली या इंग्रज धर्मशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये असा युक्तिवाद मांडला होता की, माळरानावरून जाताना पायाला दगड लागला तर तो तिथे कायमचाच पडून असेल असे म्हणता येईल. पण तिथे घड्याळ सापडले तर त्याचा कोणी घडवणारा असलाच पाहिजे, आणि प्राण्यांची शरीरे घड्याळापेक्षा अधिक गुंतागुंतीची असल्याने त्यांचाही कोणी घडवणारा असलाच पाहिजे. केंब्रिजमध्ये शिकत असताना चार्ल्स डार्विनला पेलीचे लेखन फार आवडले होते, ही यातली गंमत आहे. पुढे त्याच डार्विनने दिलेल्या उत्तराचा रोख थोडक्यात असा सांगता येईल की, घड्याळाला पिल्ले होत नाहीत. ज्याला पिल्ले होतात, जी पिल्ले आपल्या जन्मदात्यासारखी पण किंचित वेगळी निघतात, आणि ज्यांच्यातली काही टिकतात व काही टिकत नाहीत, त्याला घडवणारा हात लागत नाही. माडाला इंजिन लागत नाही, याचे कारण इंजिन लोखंडाचे असते हे नव्हे. माडाला नारळ लागतो, नारळातून माड येतो आणि इंजिनातून मात्र इंजिन येत नाही, हे त्याचे कारण आहे. तुमच्या ग्रहावर इंजिनातून इंजिन कसे येऊ लागले एवढे जर तुम्ही वाचकाला पटवू शकलात, तर बाकीचे तो विचारणार नाही.

तुमच्याआधी या वाटेने कोण गेले, हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून थोडे सांगते, कारण तुमची शंका एकटेपणाचीही आहे असे पत्रावरून वाटले. यंत्रांना डार्विनचा नियम लावून पाहण्याची कल्पना प्रथम ठळकपणे मांडली गेली ती एका वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रातच. १३ जून १८६३ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या ‘प्रेस’ या वृत्तपत्रात सॅम्युअल बटलर या तरुण मेंढपाळाने टोपणनावाने पत्र लिहून असे सुचवले की, यंत्रेही पिढ्यांगणिक बदलत चालली आहेत आणि एक दिवस ती आपल्यावर वरचढ होतील. डार्विनचे मुख्य पुस्तक येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. पुढे १८७२ च्या आपल्या पुस्तकात बटलरने एक आक्षेप स्वतःच उपस्थित केला, की यंत्रे स्वतः प्रजनन करू शकत नाहीत. त्याने त्याला दिलेले उत्तर मला आजही फार आवडते: लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीच्या फुलाला भुंग्यावाचून बी धरत नाही, म्हणून क्लोव्हरला प्रजननसंस्था नाही असे आपण म्हणतो का? भुंगा हा क्लोव्हरच्या प्रजननसंस्थेचाच भाग आहे आणि माणूस हा यंत्रांच्या. आपल्याकडे माडा-पोफळीच्या बागांत ज्यांनी व्हॅनिला लावून पाहिली, त्यांना हे सांगावे लागणार नाही. त्या वेलीच्या मूळ देशातले परागवाहक कीटक इथे नसल्यामुळे सकाळच्या वेळी एकेक फूल हातात धरून काडीने पराग लावत बसावे लागते, आणि त्या वेळी कोण कोणाची चाकरी करत आहे हे ठरवणे खरोखरच कठीण असते.

‘रोबो’ हा शब्द ज्या नाटकातून जगभर गेला, त्या कारेल चापेकच्या १९२० च्या चेक नाटकातले रोबो धातूचे नव्हतेच. त्यातला वृद्ध शास्त्रज्ञ एका दूरच्या बेटावर सागरी जीवांचा अभ्यास करायला गेलेला असतो आणि तिथे त्याला सजीव पदार्थासारखे वागणारे एक रसायन सापडते. म्हणजे या शब्दाचा जन्मही समुद्रकाठचाच आहे, हे तुम्हाला आवडेल. परंतु तिथे निर्माता हजर आहे, आणि अगदी ठसठशीतपणे हजर आहे.

तुमच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ येतात ती दोन पुस्तके. स्तानिस्वाव लेम या पोलिश लेखकाच्या १९६४ च्या कादंबरीत एका उजाड ग्रहावर परक्या यानातून आलेली स्वयंचलित यंत्रे मालकांच्या मृत्यूनंतर मागे राहतात आणि त्यांच्यात निवड सुरू होते. लाखो वर्षांच्या झगड्यात अवजड, बुद्धिमान यंत्रे नष्ट होतात. टिकतात ती माशीएवढी, एकेकटी निर्बुद्ध, पण झुंडीने वावरणारी. जेम्स होगन या लेखकाच्या १९८३ च्या कादंबरीत शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरलेल्या स्वयंचलित कारखान्याच्या नोंदींत किरणोत्सर्गामुळे चुका शिरतात आणि चुकत-चुकत नकला काढणारे कारखाने अखेर यंत्रांचे अरण्य उभे करतात. दोन्ही ठिकाणी नकला, चुका आणि निवड आहे, म्हणजे उत्क्रांती आहे. पण दोन्ही ठिकाणी पहिले यंत्र कोणीतरी बनवलेले आहे. मोठमोठ्या लेखकांनीही निर्मात्याला पूर्णपणे हाकलले नाही, त्याला फक्त पडवीत नेऊन बसवले. तुम्ही त्याला घरातच येऊ द्यायचे नाही असे ठरवले आहे. ते अधिक अवघड आहे, म्हणूनच करण्यासारखे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. यंत्रजीवनाची सुरुवात चाकाने होणार नाही, दात्याने होणार नाही आणि पायाने तर नाहीच नाही. ती नकलेने होईल. आणि नक्कल काढण्यासाठी मेंदू, मोटार किंवा वीज यांतले काहीही लागत नाही, हे प्रत्यक्ष करून दाखवलेले आहे.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लायोनेल पेनरोज या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञाने आपला मुलगा रॉजर याच्यासह प्लायवूडचे काही तुकडे कापले. (हेच ते रॉजर पेनरोज, ज्यांना २०२० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) तुकडे दोन आकारांचे होते, आपण त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. त्यांच्या कडांना खाचा आणि आकडे अशा रीतीने काढले होते की, सुटे तुकडे एका तबकात ठेवून ते तबक आडवे कितीही हलवले, तरी ते एकमेकांवर नुसते आपटत राहत आणि जुळत नसत. पण त्या तबकात आधीच जुळलेली एक ‘अ-ब’ अशी जोडी सोडली आणि पुन्हा तबक हलवले, की तिला खेटणारे तुकडे किंचित कलत, त्यांचे आकडे खाचांत अडकत, आणि तबकात ‘अ-ब’ अशा नव्या जोड्या तयार होऊ लागत. सुरुवातीला ‘ब-अ’ अशी जोडी सोडली, तर सगळ्या नव्या जोड्या ‘ब-अ’ अशा होत. तुकडे तेच आणि हालचालही तीच, पण जोडी मात्र आपल्या पहिल्या जोडीवर जाई. वंश म्हणतात तो याहून फारसा वेगळा नाही.

सुपात तांदूळ पाखडताना कणी एकीकडे आणि अख्खा तांदूळ दुसरीकडे होतो, तेव्हा सुपाच्या मनात काही नसते, पाखडणाऱ्या बाईच्या मनात असते. पेनरोज यांच्या तबकात मात्र हलवणाऱ्याच्या मनात काही असण्याचीही गरज नाही. त्याने फक्त हलवायचे आहे. आणि न थकता, न विचार करता, दिवसातून दोनदा भरती-ओहोटीने आणि मधल्या वेळात लाटांनी हलवत राहणारे काहीतरी तुमच्या खिडकीबाहेरच आहे. कथेतला समुद्र तुम्ही केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरला आहे. त्याला तबक हलवण्याच्या कामाला लावा.

पेनरोज यांच्या तुकड्यांची एक मर्यादा आहे आणि ती लपवून चालणार नाही. त्यांच्यात दोनच प्रकारचे वंश संभवतात. दोनांत निवड ती काय होणार? उत्क्रांतीसाठी लांबच लांब साखळी हवी, जिच्या कड्यांच्या क्रमात असंख्य फरक होऊ शकतील आणि जिची नक्कल काढताना क्वचित, अगदी क्वचित, एखादी चूक होईल. चुका अजिबात झाल्या नाहीत तर काही नवे होत नाही, आणि फार झाल्या तर झालेले टिकत नाही. स्फटिकांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण येते. ग्रॅहॅम केर्न्स-स्मिथ या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १९६६ पासून असे प्रतिपादन केले की, पृथ्वीवरचा पहिला ‘जीव’ कार्बनी रसायनांचा नसून चिकणमातीच्या स्फटिकांचा असावा. स्फटिकाच्या थरातले दोष त्याच्यावर चढणाऱ्या पुढच्या थरात उतरतात, थर सुटून वाहत जातो आणि दुसरीकडे वाढू लागतो. ही कल्पना मोठी मोहक आहे, आणि जांभ्याच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला तर ती आपलीच वाटावी, कारण विहीर खणताना जांभा संपल्यावर जी मऊ, पांढरट माती लागते तिच्यात असे थरांवर थर रचलेले केओलिन या चिकणमातीचे स्फटिक भरपूर असतात. तरीही स्फटिकांतून दोष खरोखर वारशाने उतरतात का, हे २००७ मध्ये एका प्रयोगात दुसऱ्याच एका क्षाराचे स्फटिक घेऊन तपासले गेले, तेव्हा नकलेत चुकांचे प्रमाण फार जास्त आढळले. पृथ्वीच्या इतिहासासाठी हा पुरावा कमकुवत ठरत असला, तरी कथेसाठी तो उपयोगी आहे: तुमच्या ग्रहावर पहिली कोट्यवधी वर्षे अशा फसलेल्या नकलांचीच जाऊ द्या.

नकलेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४८ च्या एका व्याख्यानात, सुट्या भागांच्या तलावात तरंगणारे आणि ते भाग वेचून स्वतःसारखेच दुसरे यंत्र जुळवणारे यंत्र कल्पिले होते. त्याने दाखवले की, अशा यंत्राजवळ स्वतःचे वर्णन असावे लागते आणि ते दोन प्रकारे वापरावे लागते: एकदा सूचना म्हणून वाचायचे, त्याप्रमाणे पिल्लू जुळवायचे, आणि एकदा न वाचता, जसेच्या तसे उतरवून पिल्लाच्या हाती द्यायचे. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली, तेव्हा सजीव पेशीतही हाच व्यवहार चालतो असे दिसून आले. म्हणजे यंत्राची नक्कल आणि जीवाची नक्कल यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो. तुमचे काम हिशेबाचे असल्यामुळे हे तुम्हाला लवकर पटेल.

धातू आणि ऊर्जा कुठून आणायची, याची चिंता तुम्ही पत्रात केलेली नाही. पण कथेत तुम्ही ‘एक अज्ञात शक्ती’ असे म्हणून ती जागा सोडून दिली आहे, आणि ते मला खटकले. अज्ञात शक्तीची गरज नाही. रत्नागिरीपासून खाली अनेक पुळणींवर काळ्या वाळूचे पट्टे असतात. सह्याद्रीच्या काळ्या खडकाची झीज होऊन आलेले इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचे ते कण, लाटांनी हलके कण वाहून नेल्यावर मागे उरलेले. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक दोरीला बांधून ते वाळूतून ओढणाऱ्या मुलांना त्याला कशी मिशी फुटते हे ठाऊक असते. समुद्र केवळ हलवतो असे नाही, तो धातूची खनिजे निवडून एका जागी आणतोही. मॅग्नेटाइटच्या खडकावर वीज पडली की तो कायमचा चुंबक होऊ शकतो. आणि गॅलेना नावाचे शिशाचे खनिज तर निसर्गानेच तयार केलेला अर्धवाहक आहे: त्याच्या स्फटिकाला तारेचे टोक टेकवले की विद्युतप्रवाह एका दिशेने सहज जातो आणि उलट दिशेने अडतो. जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ मध्ये अशा स्फटिकाच्या उपयोगासाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, ते १९०४ मध्ये मंजूर झाले, आणि पुढे अनेक वर्षे माणसे याच दगडाच्या साहाय्याने, बॅटरीवाचून, रेडिओ ऐकत होती. डोंगरातून खणून काढलेला दगड जर आकाशवाणी ऐकू शकतो, तर तुमच्या ग्रहावरील यंत्रांना कान कोणी दिले, हा प्रश्न उरत नाही.

विजेचेही तसेच. रॉबर्ट फॉक्स याने १८३० मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील तांब्याच्या खाणींत तारा जोडून दाखवले की, जमिनीतल्या खनिजाच्या शिरांमधून आपोआपच मंद विद्युतप्रवाह वाहत असतो. दोन वेगळे धातू किंवा खनिजे आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी एवढे असले की बॅटरी झाली. हे तुमच्या भावाला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार, कारण बोटीच्या पंख्याजवळ बसवलेले जस्ताचे ठोकळे ते याच कारणासाठी बदलतात: खाऱ्या पाण्यात वीज निर्माण होऊन कोणता तरी धातू झिजणारच असतो, म्हणून पंख्याऐवजी जस्त झिजू द्यायचे. तुमची यंत्रे जस्त खाऊन जगतात असे लिहिलेत, तर ती अक्षरशः खरी गोष्ट होईल.

गंज ही मात्र तुमच्या कथेतली सर्वांत मोठी चूक आहे, आणि भाऊ चौथ्या पानावरच का उठले हे मला तिथे कळले. तुमच्या ग्रहावर मोकळी हवा आहे, खारा समुद्र आहे आणि लोखंडी पाय आहेत. कोकणात राहून असे लिहिणे बरोबर नाही. आपल्याकडे खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत फुगतात. त्या ग्रहाच्या हवेत मुक्त प्राणवायू ठेवू नका. पृथ्वीवरही सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत तो जवळजवळ नव्हता आणि समुद्रात लोह विरघळलेले होते. पुढे ते थराथरांनी तळाशी बसले, आणि गोव्याच्या खाणींतल्या लोहखनिजाचे मूळ अशाच पट्टेदार खडकांत आहे. प्राणवायू काढून टाकला की लोखंडाला तिथे टिकायला अवधी मिळतो. मग कथेच्या शेवटी तुमचे अंतराळवीर उतरतात, तेव्हा त्यांच्या यानातून झिरपणारी हवा त्या किनाऱ्याला विषासारखी ठरेल. हे सुचवावे की नाही, याचा मी विचार केला, कारण दुसऱ्याच्या कथेचा शेवट लिहून देणे सल्लागाराला शोभत नाही. पण तुमचा आताचा शेवट, ज्यात यंत्रे माणसांना ओळखून हात हलवतात, तो तुम्हालाही फारसा आवडला नसावा असे त्यातल्या घाईवरून वाटते.

चाके आणि दाते हे सगळे नंतर येऊ द्या. ते येणारच नाहीत असे नाही. आपल्या भातावरच्या तुडतुड्यांच्या गोतातला इसस नावाचा एक युरोपीय किडा आहे. त्याच्या पिल्लाच्या मागच्या दोन पायांच्या बुडाशी एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांच्या पट्ट्या असतात, ज्यामुळे उडी मारताना दोन्ही पाय एकाच क्षणी सुटतात. २०१३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी हे दाखवून दिले. ती कोणी घडवलेली नसलेली, पण खरोखरीची दातेरी चक्रे आहेत, आणि किडा प्रौढ होताना शेवटची कात टाकतो तेव्हा ती त्याच्याजवळ राहत नाहीत. कातळावर टोपीसारख्या चिकटलेल्या शंकूच्या आकाराच्या गोगलगायी तुम्ही ओहोटीला रोज पाहत असाल. शेवाळ खरवडण्यासाठी त्या जातीच्या जिभेवर जे दात असतात, त्यांत गोएथाइट या लोहखनिजाचे तंतू असतात, आणि २०१५ मध्ये मोजणी झाली तेव्हा तो तोवर ज्ञात असलेल्या जैविक पदार्थांत सर्वांत बळकट ठरला. हिंदी महासागराच्या तळाशी उष्ण झऱ्यांजवळ तर एक गोगलगाय अशी सापडली आहे की जिच्या पायावर लोह आणि गंधकाच्या संयुगाचे खवले आहेत. यंत्र आणि प्राणी यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही. तेव्हा एखादा दाता दाखवायचा असेल तर तो पहिल्या दिवशी लाटेतून आणू नका, तो कशासाठी उपयोगी पडला म्हणून टिकला ते आधी दाखवा.

कालावधी वाढवा. दहा हजार वर्षांत यातले काही होणार नाही, पृथ्वीला ४.५ अब्ज वर्षे लागली आहेत. आकडा सांगायचाच असला तर एकदाच सांगा आणि पुढे तो विसरा.

एक सूचना शब्दाविषयी. ‘यंत्र’ हा शब्द ‘यम्’ या धातूपासून आला आहे. आवरणे, ताब्यात ठेवणे हा त्याचा अर्थ. म्हणजे शब्दातच आवरणारा कोणीतरी गृहीत आहे, आणि ‘यंत्रमानव’ म्हटले की तो मानवही आत येऊन बसतो. तुम्ही पहिल्याच वाक्यात ‘यंत्रांचा ग्रह’ असे म्हणून वाचकाच्या हाती निर्मात्याचा धागा दिला आहे. माणसे उतरेपर्यंत हा शब्द कथेत येऊच देऊ नका. तोवर त्यांना रवे म्हणा, कडी म्हणा, तुम्हाला सुचेल ते म्हणा. शेवटी एखादा अंतराळवीर त्यांच्याकडे बोट दाखवून ‘यंत्र’ म्हणेल, तेव्हा तो चुकतो आहे हे वाचकाला न सांगता कळले पाहिजे.

संपादकांना दुसरा खर्डा पाठवताना शेऱ्याचे समर्थन किंवा खंडन करत बसू नका. सुरुवात बदलली आहे एवढेच कळवा.

भावाच्या बाबतीत मला असे वाटते की, त्यांनी कथेची थट्टा केली त्यापेक्षा जास्त तुम्ही तो विषय त्यांच्यापासून लपवून ठेवला, याचे दोघांमध्ये ओझे झाले आहे. इंजिनाबद्दल चुकीचे काही ऐकले की मेकॅनिक उठून जातो, त्यात बहिणीचा अपमान करण्याचा हेतू असेलच असे नाही. त्यांना पुन्हा पाने वाचून दाखवू नका आणि ‘हे शक्य आहे का’ असेही विचारू नका. खाऱ्या पाण्यात कोणता भाग आधी झिजेल आणि कोणता शेवटपर्यंत राहील, हे विचारा. त्यांच्या कारखान्यात प्लायवूडचा तुकडा आणि करवत असेलच. पेनरोज यांच्या जोडीसारखे ‘अ’ आणि ‘ब’ तुकडे कागदावर काढून घेऊन जा आणि खाचा कापून देण्याचे काम त्यांच्यावरच सोपवा. कोनात थोडे कमी-जास्त झाले तर तुकडे एकतर जुळणारच नाहीत किंवा जोडीवाचूनच जुळतील, आणि ते नेमके कुठे घासायचे हे त्यांना लगेच कळेल. तबक म्हणून घरचे सूप चालणार नाही, त्याला उतार असतो; बर्फाच्या पेटीचे सपाट झाकण घ्या.